पाहुणा बोलणार नाही, याची काळजी घ्या

ठाण्यात राहता, आवाज बरा आहे, कपाटात एक इस्त्रीचा कुर्ता आहे आणि सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन केलंय? मग तुम्ही प्रकट मुलाखत घ्यायला पूर्ण लायक आहात. समोर लेखक आहे, नट आहे, खगोलशास्त्रज्ञ आहे की स्टँडअप कॉमेडियन, याने काडीचा फरक पडत नाही. फक्त पाहुण्याचं पुस्तक वाचून जाऊ नका. वाचलं की प्रश्न सुचतात, प्रश्न सुचले की ते विचारावेसे वाटतात, आणि मग तो माणूस खरोखरच उत्तरं द्यायला लागतो. विकिपीडियाचं पान रिक्षात चाळलंत तरी पुरे. कार्यक्रम घाणेकर नाट्यगृहात असेल तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकच्या कृपेने ते दोनदा वाचून होतं.

सुरुवात परिचयाने. ‘यांना परिचयाची गरज नाही’ असं म्हणायचं आणि परिचय करून द्यायला घ्यायचा. तोही थेट 16 एप्रिल 1853 पासून. त्या दिवशी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. तिथून 1893 च्या मराठी ग्रंथसंग्रहालयावर उतरा, मग 1960, 1988 आणि 2010 अशी ठाण्यातली साहित्य संमेलनं घ्या. पाहुणे जन्मले सोलापुरात, राहतात पुण्यात, त्यामुळे त्यांचा यात कुठेच संबंध येत नाही. पण आपल्या शहराचं नाव निघालं की लोक टाळ्या वाजवतात आणि पाहुण्यांना वाटतं, त्या आपल्यासाठी आहेत. तेवढंच त्यांनाही बरं.

सत्कार सगळ्यांचे करा. प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या सौभाग्यवतींचा, हॉल मिळवून देणाऱ्याचा, ज्यांनी यायचं कबूल केलं होतं पण जे आले नाहीत त्यांच्या प्रतिनिधीचा. पाहुण्याचा नंबर शेवटी. शाल खांद्यावर पडल्यावर त्यांनी घडी करून बाजूला ठेवली तर ठेवू देऊ नका, फोटोग्राफर अजून चहा पितोय. तो आला की तीच शाल पुन्हा घाला.

आता प्रश्न. पहिला ठरलेला आहे, ‘तुमचा हा प्रवास कसा सुरू झाला?’ हा कुणालाही चालतो, शिल्पकारालाही आणि सर्पमित्रालाही. पुढचे प्रश्न मात्र असे बांधा की उत्तर त्यातच यावं आणि पाहुण्याला नुसती मान हलवता यावी. उदाहरणार्थ: ‘सर, घरची गरिबी, वडिलांचा विरोध, आईचे संस्कार, या सगळ्यातून तुम्ही रंगांशी नातं जोडलंत आणि मला वाटतं ती वेदनाच तुमच्या कॅनव्हासवर उतरते, हो ना?’ चित्रकाराचे वडील बँकेत मॅनेजर होते आणि पहिली रंगपेटी त्यांनीच आणून दिली होती, असं काही तो सांगू लागला तर ‘किती हा विनम्रपणा!’ म्हणा आणि टाळ्या मागा.

सुधीर गाडगीळांच्या जुन्या मुलाखती ऐकून बिघडू नका. एवढासा प्रश्न टाकायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं, ही काय पद्धत झाली? गप्प बसलेल्या माणसाचा फोटो पेपरात कसा येणार?

शास्त्रज्ञ असतील तर जरा जपून, कारण या मंडळींना आकडे पाठ असतात. एखादे पाहुणे जयंत नारळीकरांनी घेतलेल्या ज्योतिषाच्या चाचणीची गोष्ट काढतात. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलेल्या शंभर मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या; कुठली कुणाची ते ज्योतिष्यांनी ओळखायचं. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली आणि त्यातली 46 टक्के बरोबर निघाली. नुसतं नाणं उडवत बसले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. हे ऐकल्यावर सभागृह एकदम शांत होतं. लोक विचार करताहेत, हे ओळखा आणि वेळ न घालवता विचारा, ‘पण सर, शेवटी एक शक्ती आहे ना?’ त्यावरही ते सविस्तर बोलू लागले, तर ‘थोडं हलकंफुलकं घेऊ या’ म्हणा आणि घरी स्वयंपाक कोण करतं ते विचारा.

कॉमेडियनला बसल्या बसल्या ‘एक जोक होऊन जाऊ दे’ म्हणायचं. बास. पुढचा तासभर तो स्वतःहूनच गंभीर राहतो.

ऐन रंगात तोडणं ही मात्र वरची पायरी आहे, ती पाहूनच शिकावी लागते. मागे एका कार्यक्रमात जुने प्रकाशयोजनाकार आले होते. आयुष्य विंगेत गेलेलं, त्यामुळे बिचारे अर्धा तास अडखळतच बोलत होते. मग त्यांना कोकणातल्या एका दौऱ्याची आठवण आली. दुसऱ्या अंकाला लाइट गेली, जनरेटर नाही, नायिका रंगमंचावर तशीच उभी, मंडपात मिट्ट काळोख. बाहेर कंपनीची बस उभी होती. ‘मी ड्रायव्हरला उठवला,’ ते सांगू लागले, ‘म्हटलं, गाडी जरा तिरकी घे, आणि हेडलाइटवर लावायला मेकअपच्या पेटीतनं...’ लोक खुर्चीत पुढे सरकले. माझ्या शेजारच्या आजींनी कानातलं मशीन नीट बसवलं. आणि नेमक्या त्याच क्षणी मुलाखतकार उभे राहिले. ‘सर, फक्त एक मिनिट! आपल्या प्रभागाचे लाडके, तडफदार...’

तडफदार आले. पुष्पगुच्छ झाला. संस्कृती टिकली पाहिजे, यावर ते भरपूर बोलले, पुढे आणखी एका कार्यक्रमाला जायचंय म्हणाले आणि निघाले, तशा पुढच्या दोन रांगा त्यांच्याबरोबर उठून गेल्या. मुलाखतकारांनी माइक परत हातात घेतला आणि त्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, ‘हं, तर सर, तुमचा आवडता रंग कोणता?’

बस तिरकी झाली की नाही, मेकअपच्या पेटीतून काय निघालं, नाटक पुरं झालं का, हे कुणालाही कळलं नाही. याला म्हणतात कार्यक्रमावरची पकड.

मामलेदारची मिसळ खाल्लीत का, हे विचारायला विसरू नका. नाही म्हणाले तर पुढची पाच मिनिटं ती किती तिखट असते, हे तुम्हीच सांगू शकता. शेवटी ‘नव्या पिढीला काय संदेश द्याल?’ हा प्रश्न हवाच. समोर सगळे पेन्शनर बसलेले असतात आणि नवी पिढी त्यांना घरी न्यायला बाहेर डबल पार्किंगमध्ये उभी असते, पण संदेश पोचतो कुठे ना कुठे.

मग श्रोत्यांचे प्रश्न. चिठ्ठ्या मागवू नका, चिठ्ठीवर लोक थोडक्यात लिहितात. फिरता माइक द्या, आणि तो सगळ्यात आधी ‘माझा प्रश्न नाही, फक्त दोन मुद्दे मांडतो’ म्हणणाऱ्या काकांकडे पोचेल असं बघा. दुसऱ्या मुद्द्यात त्यांची स्वतःची कविता असते. ती संपेपर्यंत माइकची बॅटरी जाते, मागच्यांना कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या आठवतात, आणि ‘वेळेअभावी इथेच थांबू या’ असं म्हणायची सोय होते.

सर्वांत महत्त्वाचं काम मात्र आदल्या दिवशीच उरकून ठेवायचं असतं. बातमी लिहून वर्तमानपत्रांना पाठवा: ‘मुलाखत उत्तरोत्तर रंगत गेली. मान्यवरांनी आपला जीवनप्रवास उलगडला. रसिकांनी भरभरून दाद दिली.’ खाली उपस्थितांची नावं. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकून आलेच नाहीत तरी मजकुरात काही बदलावं लागत नाही, तुमचा एकट्याचा फोटो मोठा करून लावता येतो.