आमच्या बाल्कनीत कंदील नाही

यंदा पंचांगाने धनत्रयोदशी शनिवारी दिली, नरकचतुर्दशी सोमवारी, आणि मधला रविवार, म्हणजे आजची १९ ऑक्टोबर, असाच मोकळा सोडला. माझ्या मते राहिलेल्या चकल्या संपवायलाच दिलाय तो. मला यंदा काही तळायचं नाहीये, म्हणून हे टाइप करत बसलेय. लांबणार आहे. ज्यांची कढई चढलेली आहे त्यांनी नंतर वाचा.

तर झालं असं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. आमची विंग, समोरच्या इमारतीतून काढलेली. सगळ्या बाल्कन्यांमध्ये एकसारखे केशरी कंदील (कमिटीने यंदा घाऊक आणलेत), आणि चौथ्या मजल्यावर मध्येच एक काळा चौकोन. ते आम्ही. खाली मेसेज, "फक्त ४०२ राहिलंय. प्लीज लावून घ्या, उद्या पहाटे ड्रोनने शूटिंग आहे." त्यावर अंगठेच अंगठे.

मी लिहिलं, आमच्याकडे यंदा दिवाळी नाही, जुलैत आत्या गेली.

मला वाटलं, विषय संपला. आपल्याकडे या वाक्यानंतर कुणी काही विचारत नाही, "बरं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येतात. लहानपणापासून हेच पाहिलंय. पण पाच मिनिटांत सल्ले सुरू. एक काका म्हणाले, आत्या ना, मग चालतं, लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरी तीनच दिवस. दुसरे म्हणाले, तीन कुठले, दीड. त्या दोघांची तिथेच जुंपली. मग तिसरी आली. चांगली शिकलेली, माझ्याबरोबर रोज ८.१९ च्या लोकलला चढते. "अगं, आणि घर तर तुझ्या सासरचं ना? गोत्रच वेगळं. तुम्हाला तर काहीच नाही!" पुढे पणती, फुलबाजी, हसरा चेहरा.

तुम्हाला तर काहीच नाही.

मी फोन पालथा ठेवला आणि ओट्यावरची स्वच्छ भांडी परत घासली.

बाबा आमच्याकडे असतात, आई गेल्यापासून. वय ७९. त्यांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. तेव्हा अक्का, म्हणजे माझी आत्या, चौदाची. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा "ह्याचं जेवणाचं कोण बघणार" एवढंच विचारलं म्हणतात. सासर मिळालं ओगलेवाडीत, माहेरापासून, म्हणजे कऱ्हाडातून, चालत जाण्याएवढं. म्हणून बाबांचं जेवण सुटलं नाही. हे नातं दीड दिवसाचं की तीन दिवसांचं, ते आता ग्रुपवर ठरवा. पोल टाका हवं तर.

मला एक रात्र सांगायची आहे. माझ्या जवळच्यांनी ती दहा वेळा ऐकली असेल, अकराव्यांदा ऐका.

२००६ असेल नाहीतर २००७. मी कॉलेजात होते. भाऊबीजेला बाबा कऱ्हाडला जाणार म्हणजे जाणारच, त्यात कधी खंड नाही. त्या वर्षी गाडीचं तिकीट मिळालं नाही, म्हणून पहाटे ओळखीतल्या एकाच्या जीपने निघालो. ती जीप खंबाटकी घाटात बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत दुपार, पार्ट येईपर्यंत रात्र. बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून होते आणि दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होते. मोबाइलला रेंज नव्हती. कऱ्हाडला कोल्हापूर नाक्यावर उतरलो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले. रिक्षा नाही. ऊस आणायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रॉलीत बसून ओगलेवाडीला गेलो. थंडी, बूड आपटतंय, आणि सगळं गाव अंधारात, कारण ते भारनियमनाचे दिवस.

त्या अंधारात एकच उजेड होता. आत्याच्या दारातला कंदील.

आकाशकंदील नव्हे हं. खरा कंदील, रॉकेलचा, काचेचा. प्रभाकर कंदील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओगलेवाडी हे नावच मुळी ओगल्यांच्या काच कारखान्यावरून पडलं, आणि त्या कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रभर घराघरांत होता. आत्याचे सासरे तिथेच कामाला होते. त्यांच्या घरात दुसरं काही नसेल, पण काच चांगली होती.

आत्या उंबऱ्यात बसलेली. पाट मांडलेला, ताट तयार, भोवतीची रांगोळी वाऱ्याने अर्धी उडालेली. स्वतः सकाळपासून उपाशी. शेजारच्या एक काकू सोबतीला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आता कसलं ओवाळतेस, तिथी कवाच सरली." आत्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांना म्हणाली,

"सरली आसंल. तू बस पाटावर."

आणि ओवाळलं. रात्री एक वाजता, कंदिलाच्या उजेडात. मग आम्ही गार बासुंदी खाल्ली.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. ज्या बाईने पंचांगाला असं वाऱ्यावर सोडलं, तिच्यासाठी किती दिवस दुःख करायचं ते पंचांगात बघून मला सांगतायत.

बरं, मान्य. हे नियम कुणीतरी सोयीसाठीच केले असणार. घरटी माणसं फार मरायची, भावकी मोठी. सगळ्यांचंच वर्ष धरलं असतं तर गावात एकाही घरी दिवाळी झाली नसती.

पण नियम काय सांगतो? किती दिवस पाळलंच पाहिजे, ते सांगतो. त्यापुढे मनाने काय करायचं यावर नियम नाही, आणि नसावाही. गंमत बघा, याच ग्रुपवर २०२२ च्या मे महिन्यात हेरवाडची बातमी फिरत होती. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कारण ते सगळं त्या बाईवर इतर लोक लादायचे. मग आज काय वेगळं चाललंय? तेव्हा "तू आनंद करायचा नाहीस" असं सांगणारे लोक होते, आता "तू आनंद केलाच पाहिजेस" असं सांगणारे आहेत, आणि दोन्हीकडे त्या माणसाला विचारलेलं नाही. बाबांवर यंदा कुणी काही लादलेलं नाही. गणपती झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "कंदील राहू दे यंदा." बस. त्यावर नवऱ्याने माळ्यावरचा कंदील माळ्यावरच ठेवला, काही न बोलता. गोत्र वेगळं असून!

"आणि मुलाचं काय, त्याचा काय दोष?" हेही आलं ग्रुपवर. हा प्रश्न मलाही पडला होता, खोटं कशाला बोलू. दहा वर्षांचा आहे. फटाके नाहीत म्हणून त्याला फारसं वाटलं नाही, पण कंदील नाही म्हणून वाटलं. मग गेल्या आठवड्यात आजोबा आणि नातू खाली पार्किंगमागे माती कालवताना दिसले. किल्ला. बाकीच्या पोरांचे रायगड, सिंधुदुर्ग. आमच्याकडे सदाशिवगड, जो आत्याच्या अंगणातून दिसायचा आणि डोंबिवलीत कुणाला माहीत नाही. मी बाबांकडे बघितलं तर म्हणाले, "किल्ल्याला सुतक नसतं." म्हणजे काय चालतं आणि काय नाही ते त्या माणसाला चांगलं कळतं. त्याला समजवायला दीड दिवसवाले नकोत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मघाशी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. या बाईंशी माझं वर्षानुवर्षं जमलेलं नाही, गॅलरीत पाणी सांडण्यावरून. दारातच उभ्या, हातात स्टीलचा डबा. चकली, शंकरपाळे आणि चार बेसनाचे लाडू. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "डबा रिकामाच दे हं परत. यंदा चालतो."

ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी, डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान साखर तरी घालायची. पण ज्या घरी तळण नाही ते काय घालणार? त्या घराला ओशाळं वाटू नये, म्हणून देणारीने आधीच सांगून टाकायचं. आत्या कुणाची लागते, माहेरची की सासरची, एक शब्द विचारला नाही त्यांनी. मी दार लावलं आणि डबा घेऊन तशीच उभी राहिले जरा वेळ. गॅलरीतल्या पाण्याचं बघेन मी आता.

आणि हो, बाबा यंदाही कऱ्हाडला जाणार आहेत. गुरुवारी, भाऊबीजेला, कोयना एक्स्प्रेसने, कल्याणहून. आत्या जुलैत गेली, आषाढी झाली त्याच आठवड्यात. आणि ऑगस्टअखेर, आरक्षण उघडलं त्या सकाळी, बाबा आठच्या आधी जावयाच्या उशाशी उभे. "तेवीस ऑक्टोबरचं काढ." कुणाकडे, कशाला, आम्ही कुणीच विचारलं नाही. (ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद झालीय हे त्यांनी यंदाही ऐकवलं. दर वर्षी ऐकवतात, जशी काही जावयानेच बंद केली.) वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा, काल फोन आला होता, "मामा, तुम्ही या, मी ओवाळते." बाबा म्हणाले, "ते बघू. येतो."

आज दुपारी बाबा न सांगता बाहेर पडले. दिवाळीच्या आदल्या रविवारी डोंबिवलीचा बाजार म्हणजे काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, आणि फडके रोडला तर उद्या पहाटेच्या गर्दीची तयारी आजच सुरू. दोन तास झाले, फोन उचलेनात. मी चपला घालून निघणार, तेवढ्यात आले. घामाघूम, हातात कागदाची एवढीशी पुडी. चार दुकानं फिरले म्हणे. पाचव्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराने कुठल्याशा खोक्यातून काढून दिली. कंदिलाची वात. चपटी, पांढरी, वीतभर.

मग कऱ्हाडला फोन लावला. वहिनीला माळ्यावरचा कंदील काढायला लावला, पट्टीने माप घ्यायला लावलं. ती बिचारी फराळ सोडून माप घेतेय. म्हणाली, "मामा, बसंल ही वात. पण रॉकेल कुठलं आणणार? हल्ली मिळत न्हाई हिकडं."

बाबा म्हणाले, "असू दे. वात घालून ठेवू."

पुडी शर्टाच्या खिशात ठेवलीय त्यांनी. तो शर्ट धुवायला टाकू नको, असं मला दोनदा सांगून झालंय.