‘हार्डवेअर वॉलेट घेऊनही पैसे गेले’ या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडून घेतलेल्या हार्डवेअर वॉलेटबद्दलचा (क्रिप्टो चलन सांभाळणारं छोटं डिव्हाइस) आपला रिव्ह्यू पूर्ण वाचला. रक्कम लहान नाही, संताप समजू शकतो. पण तो वाचून उद्या आणखी कोणी ‘ही मशीनच बोगस’ म्हणून सगळं परत मोबाइलमधल्या ॲपवर नेऊन ठेवेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं म्हणणं असं, की डिव्हाइस कपाटात होतं, बटण कोणी दाबलं नाही, तरी बिटकॉइन, ईथर आणि यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेलं नाणं) ही तिन्ही क्रिप्टो चलनं काही मिनिटांत गेली, म्हणजे डिव्हाइस हॅक झालं. त्याच रिव्ह्यूत चार ओळी खाली आपणच लिहिलंय, की आदल्या रात्री ‘फर्मवेअर अपडेटसाठी वॉलेट व्हेरिफाय करा’ असा ईमेल आला, लिंकवर वॉलेटचे चोवीस गुप्त शब्द (सेटअपच्या वेळी डिव्हाइसने दाखवलेले) भरले, पण ‘खबरदारी म्हणून एक शब्द मुद्दाम चुकीचा टाकला’.

चोरी तिथेच झाली. चोवीस शब्द हेच वॉलेट; डिव्हाइस फक्त ते शब्द इंटरनेटपासून लांब ठेवतं आणि आपण बटण दाबल्यावर व्यवहारावर सही करतं. शब्द ज्याच्या हाती गेले, त्याला आपलं डिव्हाइस, पिन, बटण काहीच लागत नाही. तो ते शब्द स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकून ‘रिस्टोअर’ करतो.

आता तो चुकीचा शब्द. हे शब्द 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात. कोणता शब्द खोटा हे चोराला माहीत नसलं, तरी 24 जागा आणि प्रत्येक जागी उरलेले 2047 शब्द, म्हणजे एकूण 49,128 शक्यता. वर शेवटच्या शब्दात 8 बिटांचा चेकसम, म्हणजे सगळे शब्द एकमेकांशी जुळतात का हे ताडून पाहणारा आकडा, दडलेला असतो. त्यामुळे सरासरी 256 पैकी एकच जुळणी वैध ठरते आणि तपासायला उरतात साधारण 192 वॉलेट. साध्या लॅपटॉपलाही हे काम किरकोळ आहे. दोन शब्दांची अदलाबदल केली असती तर शक्यता फक्त 276. शेवटी ‘एरर, पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं असेल तर त्यावरही जाऊ नका. अशी पानं सहसा भरलेला शब्द न् शब्द तेव्हाच पुढे पाठवतात. एरर दाखवतात ती आपण दुसऱ्यांदा बरोबर शब्द भरावेत म्हणून.

दुसरा पुरावा काय काय गेलं त्या आपल्या यादीतच आहे. शब्द न देताही चोरी होते: एखाद्या साइटला आपण टोकनसाठी (यूएसडीटीसारख्या नाण्यासाठी) ‘अप्रूव्ह’, म्हणजे ते हलवायची परवानगी, देतो किंवा ‘परमिट’वर सही करतो, आणि ती साइट ते टोकन ओढून नेते. पण त्यात जातं ते परवानगी दिलेलं टोकनच. बिटकॉइनला अप्रूव्हल हा प्रकारच नाही. ईथर आणि बिटकॉइन दोन्ही एकदम गेले, तर शब्द फुटले असंच धरायचं. कोणी आपल्याला ‘अप्रूव्हल रिव्होक करा, सगळं ठीक होईल’ असा (परवानगी मागे घेण्याचा) सल्ला दिला असेल, तर या प्रकारात त्याचा उपयोग शून्य.

ईमेल पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या बाबतीतलं नेमकं उत्तर कोणी देऊ शकणार नाही, कारण असे ईमेल घाऊक जातात. 2020 साली लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली, त्यात सुमारे 2,72,000 लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर होते. पुढे त्यातल्या काहींना टपालाने बनावट डिव्हाइसही आली. म्हणून पाठवणारा कोण दिसतो याला अर्थ नाही. शब्द टाइप करायची जागा एकच, डिव्हाइसचा स्वतःचा पडदा, तीही रिस्टोअर करताना.

आता तातडीचं. त्या डिव्हाइसवर ‘अकाउंट 2’ उघडून उरलेलं तिथे हलवलं असेल, तर तेही धोक्यात आहे; दोन्ही अकाउंट त्याच शब्दांतून निघतात. फॅक्टरी रीसेट करा, ‘रिस्टोअर’ नव्हे तर ‘नवीन डिव्हाइस’ निवडा, नवे शब्द कागदावर लिहा, फोटो नको. पैसे घ्यायचा वॉलेटचा नवा पत्ता डिव्हाइसच्या पडद्यावर अख्खा वाचून जुळवा आणि आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघा. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका, कारण पहिली-शेवटची अक्षरं सारखी असलेले बनावट पत्ते चोर मुद्दाम तिथे पेरून ठेवतात. जुन्या पत्त्यावर काही टोकन उरले असतील तर ते काढायला गॅस (व्यवहाराची फी) म्हणून ईथर टाकू नका. तिथे बहुधा चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) बसलेला असतो, तो आलेला ईथर लगेच उचलतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार आजच करा. प्रत्येक व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक), आपल्या आणि चोराच्या वॉलेटचा पत्ता, वेळ आणि तो ईमेल हेडरसकट (तो कुठून आला त्या तपशिलासकट) द्या. उलटा व्यवहार होत नाही हे खरं, पण चोराने पैसे एखाद्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर) नेले तर पोलिसांच्या पत्रावर खातं गोठू शकतं, आणि यूएसडीटी तर ते काढणारी टेथर कंपनी पत्त्यावरच गोठवू शकते. उशीर झाला की ही वाट बंद होत जाते. ‘फी भरा, पैसे परत काढून देतो’ म्हणणारे लोक हा रिव्ह्यू वाचून आपल्याला गाठतील. तेही त्याच धंद्यातले समजा.

राहिला परताव्याचा मुद्दा. सील उघडलेलं डिव्हाइस आम्ही परत घेत नाही, ते दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या सुरक्षेसाठी. वापरलेल्या डब्यात आधीच शब्द लिहून ठेवलेलं कार्ड घालून विकायची फसवणूक जुनी आहे. तेच शब्द वापरले की पैसे जमा होताच चोर ते उचलतो. आणि ‘सेटअपला कोणी शेजारी बसलं नाही’ हा आपला आक्षेप खरा आहे. शब्द दिसायला लागले की आमचा माणूस काउंटरवरून उठतो, आणि तसंच व्हायला हवं.

डिव्हाइसबद्दल शंका असेल तर घेऊन या. कंपनीच्या ॲपमधली अस्सलपणाची तपासणी आपल्यासमोर करू, त्याचे पैसे घेणार नाही. येताना शब्दांचा कागद मात्र घरीच ठेवा.