प्रश्न विचारून होतं काय? एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता वेगळं लिहितोय. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: आमदार कसा आहे हे ठरवताना त्याचे फलक मोजण्याआधी त्याने विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची यादी बघा, असं मी लिहिलं होतं. त्यावर सांगलीच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या या वाचकांचं म्हणणं असं की हे प्रश्न म्हणजे कॅमेऱ्यासाठीची नौटंकी. एकाच अधिवेशनात व्यापाऱ्यांचा कर, घरकुलं आणि शेतातल्या चोऱ्या असे तीन विषय काढणारा आमदार कुणाचाच नसतो, तो फक्त सगळ्यांना गोंजारतो. एलबीटी (महापालिकेचा स्थानिक संस्था कर) गेला तो आम्ही दुकानं बंद ठेवली म्हणून, कुणाच्या प्रश्नाने नाही. आणि मी करतोय ती भाटगिरी.

भाटगिरीचं आधी. त्या लेखात कुठल्याही आमदाराचं नाव नव्हतं. तुम्हाला ते दिसलं असेल तर तुमच्या मनात एक नाव आहे, आणि ते माझ्या खात्यावर टाकू नका.

आता एलबीटी. तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे आणि तो मला मान्य आहे. जकात काढून टप्प्याटप्प्याने महापालिकांत एलबीटी आणला २०१०पासून. २०१३मध्ये राज्यभर दुकानं बंद राहिली, तुमच्या सांगलीत तर जोरात. शेवटी १ ऑगस्ट २०१५ला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. म्हणजे जवळपास सगळेच सुटले. हे रस्त्यावरच्या ताकदीने झालं, वाद नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. महापालिकांच्या तिजोरीला जे भगदाड पडलं ते कुठून तरी भरायचं होतं. त्यातला एक वाटा मुद्रांक शुल्कावर आला. महापालिका हद्दीत घर किंवा जागा घेणाऱ्याला १ टक्का जादा अधिभार. आज पुण्यात सदनिकेच्या दस्तावर पुरुष खरेदीदार ७ टक्के भरतो. त्यात मूळचे ५, मेट्रोचा १ आणि उरलेला १ अजूनही एलबीटीच्या नावाने ओळखला जातो. ज्या कराविरुद्ध तुम्ही शटर ओढलं, त्याचं भूत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसलंय. आणि ते भरतो कोण? आयुष्यात एकदाच घर घेणारा शिक्षक, नर्स, तुमच्याच दुकानातला मुनीम. त्यांची संघटना नाही. त्यांनी बंद पुकारला तर बंद काय होणार? घर न घेण्याचा संप कुणी करत नाही.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. ज्याला बंद पुकारता येतो त्याला प्रश्नाची फारशी गरज नसते. प्रश्न लागतो तो उरलेल्यांना. म्हणून तुम्हाला जे तीन विस्कळीत विषय वाटतात ते मला तसे वाटत नाहीत.

घरकुलाचं बघा. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागात घरामागे १ लाख २० हजार मिळतात. हा आकडा २०१६चा आहे. तेव्हाचा सिमेंटचा भाव आणि आजचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. राज्याने २०२५मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत म्हटलं. कागदावर छान आहे. आता घरकुल मंजूर झालेली बाई काय करते? ग्रामपंचायतीत जाते, पंचायत समितीत जाते, वाळूच्या पाससाठी तहसीलला जाते. जुनं घर पाडून बसलेली असते, कारण काम सुरू झाल्याचा जागेवरचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही. वाळू नाही म्हणून जोतं नाही, जोतं नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून हप्ता नाही. पावसाळा तोंडावर, आणि संसार शेजाऱ्याच्या पडवीत. तिच्या बाजूने कोण शटर ओढणार?

इथे ‘आमदाराने तालुक्यात बसून कामं करावीत’ हे तुमचं वाक्य येतं. करावीत की. त्याने तहसीलदाराला फोन केला तर त्या एका बाईची वाळू सुटेल. पण तो फोन फक्त त्या बाईसाठी असतो, आणि पुष्कळदा त्याची किंमत मताने वसूल होते. जिल्ह्यात किती घरकुलं वाळूअभावी जोत्यावर अडकली हा आकडा फोनने बाहेर येत नाही. तो येतो तारांकित प्रश्नाने, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं आणि ज्यावर उपप्रश्नही विचारता येतात. मग खात्याला दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही, उत्तर छापून द्यावं लागतं.

तुम्ही म्हणता उत्तरं गुळमुळीत असतात. असतात! विधानमंडळाच्या छापील यादीत डोकावून बघा. एका बाजूला प्रश्न, ठराविक साच्यात: अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. दुसऱ्या बाजूला मंत्र्यांची उत्तरं: हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हसू येतं, मलाही यायचं. पण ‘अंशतः खरे’ असं छापून आलं की खात्याने अर्धी गोष्ट कबूल केलेली असते, आणि उपप्रश्न तिथेच रुततो: कुठला अंश? आणि मंत्र्याने सभागृहात उभं राहून ‘महिनाभरात अहवाल मागवतो’ म्हटलं की ते आश्वासन समितीच्या, म्हणजे मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले का हे बघणाऱ्या आमदारांच्या समितीच्या, वहीत जातं. सचिवाला त्या समितीपुढे उभं राहायचं नसतं. मंत्री बदलतात, वही बदलत नाही.

हे सगळं व्यवस्थित चालतं असं मी म्हणत नाही. प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजके प्रश्न तोंडी होतात, बाकीचे नुसते पटलावर. गोंधळात तास वाहून जातो ते वेगळंच. डिसेंबर २०२४चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत चाललं आणि खातेवाटप झालं ते २१ला रात्री. मग घरकुलाचा प्रश्न विचारायचा कुणाला, विधान भवनाच्या पायऱ्यांना? आणि प्रश्न विकलेही जातात. २००५मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून ११ खासदार बडतर्फ झाले, त्यात आपल्याकडचेही होते. पण तिथेही विचार करा, जी गोष्ट निव्वळ नौटंकी आहे तिला कुणी पैसे का मोजेल?

आता शेतातल्या चोऱ्या. ‘चार पाइप गेल्याचं विधानसभेत कशाला’ असं तुम्ही लिहिलंय. इथे मी जरा थांबणार आहे, कारण शहरात बसून हे कळत नाही.

विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडून नेतात, आतलं तांबं विकायला. केबल समजा चार हजारांची. शेतकरी पोलीस ठाण्यात जातो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३प्रमाणे चोरलेल्या मालाची किंमत ५ हजारांच्या आत असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा समाजसेवेची. ठीक आहे, पोटासाठी वडापाव उचलणाऱ्याला तुरुंगात का धाडायचं. पण त्याच्या जोडीने ५ हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे एनसी. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. शेतकऱ्याच्या हातात एक कागद येतो, आणि तो कागद घेऊन तो नवी केबल घ्यायला बाजारात जातो. तोवर आठ दिवस मोटार बंद, आणि तेवढ्यात उभं पीक माना टाकतं. कायदा केबलची किंमत मोजतो, वाळलेल्या पिकाची नाही. एकाच शिवारात एका रात्रीत दहा जणांच्या केबली गेल्या तर त्या दहा एनसी धरायच्या की एका टोळीचा एक गुन्हा, हे ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोडायचं का? हा प्रश्न गृहमंत्र्यांनाच विचारायला हवा. पोलीस राज्याचे आहेत.

चोरीपेक्षा मोठी गोष्ट फसवणुकीची, आणि तुमच्या शेजारचा तासगाव-पलूसचा द्राक्षपट्टा ती चांगली ओळखतो. व्यापारी बागेत येतो, तोंडी सौदा ठरतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख देतो, विश्वास बसतो. मग चार गाड्या उधारीवर भरतो, चेक देतो, आणि फोन बंद. २०१६मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. बांधावर विकायची मुभा मिळाली हे चांगलंच झालं, पण खरेदीदार कोण, त्याचा परवाना कुठला, अनामत कुणाकडे, हे विचारणारं मध्ये कुणी उरलं नाही. शेतकरी ठाण्यात गेला की ठरलेलं उत्तर: हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. नाशिक परिक्षेत्रात २०२०मध्ये महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी हेच प्रकार फसवणुकीचे गुन्हे म्हणून हाताळायला लावले, शेतकऱ्यांना पुढे येऊन तक्रारी द्यायला सांगितलं, आणि पळालेले व्यापारी पैसे घेऊन परत येऊ लागले. कायदा तोच होता, फक्त खुर्चीवरचा माणूस वेगळा होता. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर त्या मोहिमेचं काय होतं, आणि नाशिकला जमलं ते सांगलीला का नाही, हे सरकारला खडसावून विचारायला विधानसभेइतकी दुसरी जागा नाही. तुम्ही स्वतः व्यापारी आहात. या पळपुट्यांमुळे सरळ व्यापाऱ्यालाही बागेत उभं करत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि तुमचा तो टोमणा, ‘कराचा प्रश्न आणि गावचा प्रश्न एकाच तोंडाने विचारतात’. दरवर्षी जूनअखेर तुम्ही जो २५०० रुपये व्यवसाय कर भरता, त्याचा कायदा १९७५चा. तो कर आला रोजगार हमीसाठी, म्हणजे ७२च्या दुष्काळापासून रस्ते-बांधांवर खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी. त्या योजनेचे जनक वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. शहरातल्या नोकरदाराने आणि दुकानदाराने गावातल्या हाताला काम द्यावं, असा तो सरळ हिशेब होता. तेव्हा दुकानाचा कर आणि गाव यांची गाठ आजच्या आमदाराने मारलेली नाही. हा पैसा आज कुठे जातो, हे मात्र जरूर विचारा. जीएसटीच्या दरांबद्दल आमदाराला धारेवर धरून उपयोग नाही, ते दिल्लीतल्या परिषदेत ठरतात. व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, मालमत्ता कर, बाजार समितीचा सेस हे मुंबईचं. तिथे धरा.

शेवटी तुम्ही आव्हान दिलंय, ‘माझ्या उपयोगाचा एक तरी प्रश्न दाखवा’. हा घ्या, त्याच साच्यात:

(१) स्थानिक संस्था कर रद्द केल्यानंतर सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्रातील दस्तांवर १ टक्का अधिभार आकारला जातो, हे खरे आहे काय. (२) असल्यास, २०१५पासून वर्षनिहाय किती रक्कम जमा झाली व त्यापैकी किती महापालिकेस अदा करण्यात आली. (३) सदर रक्कम कोणत्या कामांवर खर्च झाली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तुमच्या व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर टाइप करून आमदारांच्या स्वीय सहायकाकडे द्या, आणि पोच घ्या. अधिवेशनाच्या बरंच आधी द्या, प्रश्न दाखल करायची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी संपते. त्यांनी नाही घेतला तर दुसऱ्या मतदारसंघातल्या किंवा विधान परिषदेतल्या कुणाकडे द्या, तिथे हद्दीची आडकाठी नाही. उत्तर छापून आलं की मला पाठवा, ‘अंशतः खरे’ असलं तरी. इथेच टाकू.