तुझ्या वाटची प्रार्थना मी करते
जय ख्रिस्त, ताई. बायबलमधल्या तीताच्या पत्रातल्या 2ऱ्या अध्यायाचा दाखला देऊन तुम्ही लेखात लिहिलंय की मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) वयस्क बहिणींनी तरुण स्त्रियांना हाताशी धरावं. मी त्याचा अनुभव घेतलाय.

2019 मध्ये माझं बाळ पोटात सातव्या महिन्यात गेलं. आई हयात नाही, माहेर नगरला, आम्ही पुण्यात. उपासनेला जाणं नकोसं झालं होतं, जो भेटेल तो 'देवाची इच्छा' म्हणायचा. मंडळीतल्या एक निवृत्त नर्स मावशी मात्र दर गुरुवारी दुपारी घरी यायला लागल्या. पहिल्या दिवशी काही बोलल्याच नाहीत. ओट्यावरची मेथीची जुडी घेतली, पेपर पसरला आणि निवडत बसल्या. निघताना म्हणाल्या, "बाळा, प्रार्थना होत नसेल तर राहू दे. तुझ्या वाटची मी करते." त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळी रडले.

पवित्र शास्त्र त्यांनी उघडलं ते दोन महिन्यांनी. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. आई होणार असल्याचा देवदूताचा निरोप मिळाल्यावरही येशूची आई मरीया तिच्या वयस्क नातलग अलीशिबेकडे गेली, सुमारे तीन महिने राहिली. तिलासुद्धा वडीलधाऱ्या बाईचं घर लागलं! झोप उडाली होती म्हणून डॉक्टरांकडेही मावशीच घेऊन गेल्या, नुसत्या प्रार्थनेवर सोडलं नाही.

एकच सुचवते, ताई. महिला मंडळाने याद्या करून वयस्क-तरुण बहिणींच्या जोड्या लावू नयेत. माझा एक शब्दही मावशींकडून बाहेर गेला नाही, म्हणून मी बोलू शकले. अशी बाई आधी शोधा.