सायकल योजनेची निवड: ‘सगळ्या योजना सारख्याच’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ब्रिटनमधल्या ‘सायकल टू वर्क’ योजनेतली करसवलत कायद्यानेच ठरलेली असल्यामुळे ती कोणत्याही कंपनीमार्फत राबवली तरी कर्मचाऱ्याचा फायदा सारखाच होतो, म्हणून लहान संस्थेने कमीत कमी कागदपत्रांची योजना घ्यावी आणि मी या निवडीचा उगाच बाऊ केला, असे आपले म्हणणे आहे. करसवलत कायद्यानेच ठरते, हे बरोबर आहे. त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

१९९९ च्या फायनान्स ॲक्टने दिलेली ही सवलत सायकल विकत घेण्यासाठी नाही, तर मालकाने (म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेने) ती कर्मचाऱ्याला वापरायला देण्यासाठी आहे. कर्मचारी करपूर्व पगारातून भाडे देतो आणि भाड्याची मुदत संपली तरी सायकल मालकाचीच राहते. ती पुढे आपलीच होईल असे वचन सुरुवातीला दिले, तर करसवलतच धोक्यात येते. योजनांमधला खरा फरक या मुदतीनंतर दिसतो, आणि माहितीपत्रकांत नेमका त्याच भागावर सर्वांत कमी मजकूर असतो.

आकड्यांत पाहू. २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) भरणाऱ्या कर्मचाऱ्याने १,००० पौंडांची सायकल एका वर्षाच्या भाड्याने घेतली, तर त्याच्या हातात येणारा पगार वर्षभरात ७२० पौंडांनी कमी होतो. वर्ष संपताच ती विकत घ्यायची ठरवली, तर एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर विभागाच्या) तक्त्यानुसार ५०० पौंडांहून महाग सायकलीची वर्षभरानंतरची किंमत मूळ किमतीच्या २५ टक्के धरली जाते, म्हणजे आणखी २५० पौंड द्यावे लागतात, आणि सगळी बचत अवघ्या ३० पौंडांवर येते. याउलट, योजनेत आणखी तीन वर्षांच्या वाढीव वापराची सोय असेल, तर चार वर्षांनंतरची किंमत ७ टक्के धरली जाते. ७० पौंड आणि आधीचे ७२० मिळून ७९० होतात. कायदा आणि सायकल तीच असूनही कर्मचाऱ्याच्या खिशात १८० पौंडांचा फरक पडतो. वाढीव वापराची सोय आहे का, तिची अनामत किती, ती अखेरच्या किमतीत वळती होते का आणि दरम्यान वेगळे शुल्क लागते का, हे करारापूर्वी लेखी विचारण्याचा आग्रह मी याच कारणासाठी धरला होता.

दुसरा फरक दुकानांचा आहे. योजना चालवणाऱ्या अनेक कंपन्या विक्रीवर दुकानदाराकडून कमिशन घेतात. मोठी साखळी दुकाने ते सहज सोसतात. स्वतंत्र लहान दुकानाला ते जड जाते आणि मग सवलतीत लावलेल्या सायकली तिथे योजनेतून मिळत नाहीत. ज्याची उंची सरासरीपेक्षा बरीच कमी किंवा जास्त आहे, ज्याला तीनचाकी किंवा मालवाहू सायकल हवी आहे, त्याला एकाच साखळीशी बांधलेली योजना निरुपयोगी ठरू शकते. मापात न बसणारी सायकल दोन महिन्यांत कोपऱ्यात जाते, आणि हप्ते चालूच राहतात.

एका बाबतीत, म्हणजे महाग सायकलींसाठी बाहेरची कंपनी घ्यावी याबाबत, आपले म्हणणे मला पूर्ण पटते. स्वतःच योजना चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीएची (ब्रिटनमधल्या वित्तीय व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची) परवानगी नसेल, तर तिला १,००० पौंडांच्या मर्यादेत राहावे लागते. २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनाने परवानगी असलेल्या कंपनीमार्फत त्यापुढे जाण्याची वाट मोकळी केली. बहुतेक विद्युत सायकली या रकमेपलीकडे असल्यामुळे, त्यांची मागणी असेल तिथे बाहेरची कंपनी घेणेच योग्य. या योजनेत व्हॅटही (विक्रीवरचा कर) वाचतो, हा आपला समज मात्र जुना आहे: जानेवारी २०१२ पासून पगारातून कापलेल्या रकमेवर मालकाला व्हॅट भरावा लागतो, त्यामुळे तो लाभ आता हिशेबात धरता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आपण शेवटी आणि ओझरताच मांडला आहे: ही योजना जास्त पगारवाल्यांसाठीच आहे. पगारकपातीनंतर वेतन किमान वेतनाखाली जाता कामा नये, या नियमामुळे ज्यांना बसचा पास परवडत नाही तेच यातून वगळले जातात, तर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दराने आयकर भरणाऱ्याला जास्त मोठा लाभ होतो. ही विषमता खरी आहे आणि ती मलाही सलते. पण त्यावर उपाय आहे. मालकाने दिलेल्या बिनव्याजी कर्जावर, एकूण रक्कम १०,००० पौंडांपर्यंत असेल तर, कर लागत नाही, आणि अशा कर्जाचा हप्ता किमान वेतनाच्या हिशेबातून वजा धरला जात नाही. करबचत होत नाही, पण सायकल पहिल्या दिवसापासून कर्मचाऱ्याची असते. शिवाय योजनेतल्या कपातीवर मालकाचा १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. ती रक्कम या कर्जदारांच्या कुलपासाठी, दिव्यांसाठी आणि वार्षिक दुरुस्तीसाठी खर्च करणे मला न्याय्य वाटते.

कर्मचाऱ्यांची ये-जा जास्त असलेल्या संस्थांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नोकरी मध्येच सुटली, तर उरलेले भाडे बहुधा अखेरच्या पगारातून, कर कापल्यानंतर वसूल होते, आणि तेवढ्या भागावरची सवलत जाते.

आपल्या संस्थेत किमान वेतनाच्या आसपासचे किती जण आहेत आणि विद्युत सायकलीची मागणी किती आहे, हे कळवलेत, तर योजना आणि कर्ज यांची सांगड तिथे कशी घालता येईल, यावर नेमके लिहू शकेन.