जेवलं नाही तर इन्सुलिन नाही? एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

टाइप वन मधुमेहाच्या आमच्या ऑनलाइन वर्गाबद्दल तुम्ही लिहिलंत, "मोबाइलवर इन्सुलिन शिकवणं म्हणजे लेकरांच्या जिवाशी खेळ. डोस डॉक्टरांनी सांगावा, आईबापांनी द्यावा. पोर जेवलं नाही तर इन्सुलिन द्यायचं नाही, एवढं कळलं की झालं." तुमच्या पुतण्याच्या काळजीपोटी तुम्ही हे लिहिलंत, ते समजतं. पण शेवटचं वाक्य वाचून काळजात धस्स झालं, म्हणून आधी तेच घेते.

जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाप्रमाणे कमीजास्त होतं. दिवसभर पुरणारं लाँग अ‍ॅक्टिंग मात्र पोर उपाशी असलं तरी बंद करायचं नाही. या मुलांचं स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. बाहेरून मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. मग उलट्या, पोटदुखी, धाप. तापात तर न जेवताही शुगर चढते. अशा वेळी दर दोन-तीन तासांनी शुगर बघायची, कीटोन तपासायचे आणि डॉक्टरांना लगेच फोन करायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुलगी आठ वर्षांची असताना तापाने दोन दिवस जेवली नाही, आणि मी तुमच्यासारखाच विचार करून सुई दिली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही आयसीयूबाहेर बसलो होतो. तोवर आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

डोस डॉक्टरांनीच ठरवावा, मान्य. पण डॉक्टर भेटतात तीन महिन्यांतून एकदा. मधल्या काळात तीन जेवणं, डबा, खेळ, रात्रीची शुगर असे दिवसाला पाच-सहा निर्णय धरले, तर पाचशेच्या आसपास होतात. ते घरातच घ्यावे लागतात. रुग्णांना हे शिकवण्याची पद्धत जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मोबाइलच्या कितीतरी आधी रुजली. तिच्यावरून ब्रिटनमध्ये 'डॅफ्नी' हा पाच दिवसांचा वर्ग आला. 2002 साली त्याचे निष्कर्ष छापून आले: सहा महिन्यांनी लोकांची एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, उतरली होती, आणि बेशुद्धीपर्यंत नेणारे हायपो, म्हणजे शुगर फार उतरण्याचे प्रसंग, वाढले नव्हते. आता तोच वर्ग व्हिडिओवरही घेतात.

आणि खरं सांगू, जेवणाचा हिशेब ऑनलाइनच जास्त चांगला शिकता येतो, कारण समोर आपलंच स्वयंपाकघर असतं. दवाखान्यात "एक वाटी भात" म्हणतात. आमच्या वाटीत शिजलेला भात 150 ग्रॅम मावतो, म्हणजे कार्ब्स (पिष्ट आणि साखर, ज्यावरून जेवणाआधीचं इन्सुलिन ठरतं) 40 ग्रॅमच्या वर. शेजारणीची वाटी याच्या निम्मी. पुरणपोळीचंही तसंच. पाव किलो कणीक, पाव किलो डाळ, पाव किलो गूळ, पोळ्या दहा. एका पोळीत कार्ब्स 50 ग्रॅमच्या आसपास. डाळ आणि वरचं तूप यांमुळे शुगर सावकाश चढते, म्हणून तीन-चार तासांनी पुन्हा बघायची. होळीला माझी मुलगी सगळ्यांबरोबर पंगतीत बसते, काका. आधीची दोन वर्षं ती आतल्या खोलीत भाकरी खायची.

एका बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे: सगळंच मोबाइलवर शिकवता येत नाही. रोज त्याच जागी सुई दिली की कातडीखाली गाठी होतात, तिथलं इन्सुलिन धड लागत नाही. त्या गाठी हाताने चाचपाव्या लागतात, कॅमेऱ्यात नेहमी दिसत नाहीत. म्हणून पहिली सुई नर्सताईंसमोरच शिकायची आणि दर भेटीत डॉक्टरांकडून पोट-मांड्या तपासून घ्यायच्या, असं आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. किती ग्रॅमला किती युनिट हे प्रमाणही ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचं. माझ्या मुलीचं प्रमाण मी कुणालाच सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

पुढच्या रविवारी तापातल्या दिवसांचाच धडा आहे. वहिनींना नक्की बसवा, आणि तुम्हीही बसा. घरातली रोजची वाटी आणि वजनकाटा जवळ ठेवा. नेटवर्क तुटलं तर ध्वनिफीत पाठवीन. पण लाँग अ‍ॅक्टिंगबद्दल पुतण्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा, रविवारची वाट बघू नका.