कोण गेलं ओ?

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझ्या वर्कशॉपला चप्पल काढून नमस्कार केला. नमस्काराचं वाईट वाटायचं कारण नाही, आपण सोलापूरची माणसं, सिद्धेश्वराच्या देवळाकडं बघून चालत्या स्कूटरवरनं पण हात जोडतो. पण ह्यांनी टोपी काढली, डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "कोण गेलं ओ?"

मागचं थोडक्यात सांगतो. मी शिलाई मशीनचा मिस्त्री. घरातली पायानं मारायची काळी मशीन नव्हे (ती पण करतो, आईची आहे), कारखान्यातली, मिनिटाला पाच-पाच हजार टाके मारणारी. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर नाहीतर शेंगाचटणी आठवते, पण इथं शाळेचे युनिफॉर्म शिवणारे पण चिक्कार आहेत, कुणाच्या माडीवर दहा मशीन, कुणाच्या शेडमध्ये चाळीस, आणि आत्ताचे हे दिवस म्हणजे त्यांचा हंगाम, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे. बावीस वर्षं मी स्कूटरच्या डिकीत हत्यारं घालून फिरलो आणि बावीस वर्षांत जे हत्यार लागायचं ते नेमकं घरी राहिलेलं असायचं. म्हणून एका मंडपवाल्याकडनं बंद बॉडीची जुनी ट्रॉली घेतली, दहा बाय पाच, एका ॲक्सलची, तो त्यात जनरेटर न्यायचा. माझ्या जुन्या जीपला मागं जोडायची, कारखान्याच्या दारात लावायची, आणि आत उभं राहून आरामात काम करायचं. उभं राहून हा शब्द मी विचार न करता वापरला होता. खाली प्लाय, वर प्लाय, मधे मी. कपाळावर दोन टेंगळं आहेत, एक जुनं, एक काल दुपारचं.

आता ट्रॉली पांढरी का, हे सगळे विचारतात. हौस नाही हो. पत्र्याचा बंद डबा मे महिन्यात सोलापुरात उन्हात लावून ठेवला तर आत काय होतं? बाहेर ४३ असतं आणि आत कडक भाकरी आपोआप तयार होते. पांढऱ्या रंगानं ऊन परततं, म्हणून पांढरा. आणि खिडकी का नाही? तर बॉडी कापायची म्हटलं की मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ आडवं येतं, गाडीच्या नोंदणीत जे लिहिलंय त्यात बदल करायचा तर आधी परवानगी, आणि मला हंगाम गाठायचा होता. म्हणून मागचं दार उघडं टाकून काम करायचं असं ठरवलं. म्हणजे झालं काय, पांढरी, बंद, बिनखिडकीची. हे सगळं मी शहाणपणानंच केलं होतं, एकेक गोष्ट विचारलीत तर एकेकीला कारण आहे.

उष्णतेसाठी भिंतीत आधी थर्माकोल भरला होता. भाच्याचा डेकोरेशनचा धंदा, २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हाचा माल त्याच्या माळ्यावर तसाच पडलेला, मखराचे अर्धे खांब, दोन कळस आणि एक अख्खा मोर. फुकट मिळालं म्हणून मी ते सगळं कापून कापून पत्र्याच्या पट्ट्यांमधे बसवलं, मोराचं तोंड कापवेना म्हणून ते तसंच कोपऱ्यात ठेवलं. मग एक वेल्डर मित्र बघायला आला, आत ग्राइंडर बघितला, भिंत बघितली आणि म्हणाला, का बे, घरात विमा बिमा काढलायस का. ग्राइंडरची ठिणगी आणि थर्माकोल. खरंय. दोन दिवसांचं काम उकरून काढलं, रॉकवूल म्हणजे दगडाची लोकर भरली, ती पेटत नाही. पण अंगाला जी खाज सुटते ती सांगून कळायची नाही, तीन रात्री मला बायकोनं गच्चीवर झोपवलं.

आणि वजन! वर्कबेंच, व्हाइस, कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं मी दाराजवळ मागं लावलं होतं, हाताशी राहावं म्हणून. पहिल्यांदा होटगी रोडला काढली आणि पन्नासच्या वर गेलो तर मागं ट्रॉली अशी डोलायला लागली की सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले ते उंच काठ्यांचे नंदीध्वज आठवले, फरक एवढाच की तिथं पेलायला माणसं असतात. नंतर कळलं की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढं, जीपच्या हुकावर यायला पाहिजे, मागं वजन जास्त झालं की ट्रॉलीच जीपला हलवते. धर्मकाट्यावर एकूण भरलं ९२० किलो. हुकावर किती हे बघायला बायकोचा डाएटचा वजनकाटा घेतला आणि पुढचा दांडा त्याच्यावर टेकवला. २८ किलो. पाहिजे होतं निदान ९२. मग बॅटरी पुढं नेली (एकटी पन्नास किलोच्या वर), व्हाइस पुढं नेला, बेंच उखडून पुढं सरकवला, शेवटी ११० वर आणलं. तेव्हापासून तो काटा बायकोचं वजन सहा किलो कमी दाखवतोय. ती खुशीत आहे. मी काय बोललो नाही.

तर काल पहिला दिवस. पेंटर नाव घालायला चार दिवसांपासून येतो येतो म्हणतोय, त्यामुळं गाडीवर एक अक्षर नाही. बायकोनं सकाळी पूजा केली, पुढं झेंडूची मोठ्ठी माळ बांधली, नारळ फोडला, आणि चारी कोपऱ्यांना उदबत्त्या खोचल्या. मी तसाच निघालो, अक्कलकोट रोडला एका कारखान्यासमोर लिंबाच्या सावलीत गाडी लावली आणि मालकाला फोन करत बाजूला गंभीर तोंड करून उभा राहिलो. गंभीर का, तर तो फोन उचलत नव्हता.

आणि तेवढ्यात हे सायकलवरनं उतरले. सत्तरीचे असतील, नेहरू शर्ट, हँडलला पिशवी, पिशवीतनं कोथिंबीर बाहेर.

"कोण गेलं ओ?"

मला खरंच कळलं नाही. म्हटलं, "कुठं?"

"ह्यात."

"ह्यात कोण नाही, आजोबा."

"आनायचंय व्हय अजून." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "कंच्या दवाखान्यातनं?"

म्हटलं, "आजोबा, ही मयताची गाडी नाही. आत मशीन आहेत."

"आता मशीन पन आलं व्हय आत," म्हातारा कौतुकानं माळेकडं बघत म्हणाला. "बरं झालं. उन्हाळ्याचं गार ठेवायला पायजेच."

एव्हाना एका रिक्षावाल्यानं आमच्याजवळ येऊन वेग कमी केला, कपाळाला हात लावला आणि पुढं जाऊन परत वेग घेतला. कारखान्याचा वॉचमन स्टुलावरनं उठून उभा राहिला. हा वॉचमन मला बारा वर्षं ओळखतो, बारा वर्षांत माझ्यासाठी कधी उठला नाही.

"गावातल्या गावात किती घेता?"

"अहो मी तसलं भाडं..."

"आन मंद्रूपला न्यायचं म्हनलं तर?"

मंद्रूप कशाला, असं मी विचारायला नको होतं. विचारलं. तर मंद्रूपला ह्यांचा मेव्हणा. पंधरा दिवस झाले, अंथरुणावर. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय, सगळी पावणी येऊन बघून गेली, एक तर दोनदा येऊन गेला, रजा संपली त्याची. "आज-उद्या आज-उद्या चाललंय. त्याचं पयल्यापास्नं असंच हाय, लग्नात पन वरात चार तास उशिरा आनली हुती."

आता अशा माणसाला काय बोलणार. पण मला पण राग यायला लागला होता, चार महिने आणि दोन लाख घातलेत मी ह्यात, म्हणून मी हात धरून त्यांना मागं नेलं आणि दार सताड उघडलं. म्हटलं, बघा. त्यांनी वाकून बघितलं. पान्यांचा बोर्ड बघितला, कॉम्प्रेसर बघितला, आणि मग नजर माझ्या बेंचवर गेली. अठरा मिलीचा प्लाय, वर नवाकोरा पत्रा मारलेला, कडा घासून घेतलेल्या.

"हितं झोपवता?"

मी गप्प.

"आखूड वाटतंय. मेव्हना उंच हाय, पाय दुमडाय लागतील."

आणि इथं मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "आखूड कसं? पुरं सहा फूट आहे."

बेंच माझा होता हो. मी स्वतः मापून कापला होता.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या मशीनच्या मुंडक्याकडं गेलं, एका गिऱ्हाइकाचं, हुक टायमिंगला म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ बसवायला आलेलं. बराच वेळ त्याकडं बघत उभे राहिले आणि त्यांचा चेहरा जो उतरला, तसा मघाशी मयत समजून पण उतरला नव्हता.

"म्हंजे टेलर हाव."

"टेलर नाही, मशीन दुरुस्त करतो."

"तेच की. फॉल-पिको किती घेता?"

मी सांगितलं फॉल-पिको करत नाही. ब्लाउज? नाही. चेन बसवता? नाही. मग करता काय, हा प्रश्न त्यांनी तोंडानं विचारला नाही पण तो होता. शेवटी त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, काडीचा स्क्रू ढिला. "हे तरी हुईल का बगा." इन्व्हर्टरवर ग्राइंडर सलग तासभर चालेल अशी सोय असलेल्या वर्कशॉपमधे मी पहिलं काम केलं ते चष्म्याच्या स्क्रूचं, बारीक पेचकसनं, दीड मिनिटात. पैसे राहू दे म्हटलं तर म्हणाले, नगं, बोहनी हाय तुमची. पाच रुपयांचं नाणं काढलं, माझ्या हातात नाही दिलं, पुढं जाऊन माळेपाशी ठेवलं आणि सवयीनं परत नमस्कार केला.

"पन नंबर द्या. मेव्हन्याचं काय सांगता येत न्हाई."

मी दिला. का दिला विचारू नका.

खरं डोकं फिरलं ते त्यानंतर. मालक आला, वॉचमननं त्याला सगळं सांगितलं, तो हसून हसून बेजार. हसू दे. चार मशीन केली, दोनचं टायमिंग, एकाचा तेलपंप, एकाची क्लच मोटार काढून सर्वो बसवली, जी पाय दाबला तरच वीज खाते, म्हणजे दर महिन्याला फायदा कुणाचा, ह्याचाच. बिलात व्हिजिटचे दोनशे बघितले आणि म्हणाला, "व्हिजिट कसली मिस्त्री? आता तुम्ही दुकानच दारात आणलंय की." म्हणजे मी स्कूटरवर दहा किलो हत्यारं घेऊन यायचो तेव्हा दोनशे, आणि आता ९२० किलो ओढत आणतो तर शून्य. डिझेल मी घातलं. कंपनीचा पोरगा येतो, गळ्यात कार्ड, तो मशीन न उघडता व्हिजिट लावतो, त्याला ऑनलाइन पाठवतात आणि वर सॉरी म्हणतात. आम्हाला चहा. चहा घ्या मिस्त्री, चहा घ्या. बावीस वर्षांत एवढा चहा झालाय की ॲसिडिटीची गोळी खिशातच असते, तिचे पैसे पण मीच देतो. मी दोनशे सोडले. सोडले म्हणजे तो "पुढच्या वेळी बघू" म्हणाला आणि मी हो म्हटलं. पाच रुपये देऊन गेला तो म्हातारा परवडला.

घरी आलो तर बायको म्हणाली माळ का काढलीस.

आज सकाळी सहाला फोन. नळाला पाणी यायचं होतं, चार दिवसांनी, मी मोटारीच्या नादात, अनोळखी नंबर, उचलला. आवाज खोल, खर्जातला, थोडी धाप.

"मंद्रूपहून बोलतोय. ते गाडीवाले का?"

पोटात गोळा आला. म्हटलं, "हो... कधी झालं?"

"काय कवा झालं? मीच मेव्हना बोलतोय."

बसलोच मी टाकीवर. मेव्हणा म्हणाला, काल संध्याकाळी आमचं दाजी येऊन सगळ्यांदेखत सांगून गेलंय, गाडी ठरवून आलोय म्हणून, पांढरी हाय, नवी हाय, आत मशीन हाय. "भाव केला का त्यानं? त्याला भाव कराय येत न्हाई."

मी म्हटलं काही ठरलेलं नाही, ती तसली गाडीच नाही, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पलीकडं बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती. मागं कुणीतरी बाई म्हणत होती, ठेवा आता फोन, दूध घ्या.

"ते असू दे," मेव्हणा म्हणाला. "सहा फूटच हाय का नक्की? मी सहा-एक हाय."

म्हटलं थांबा जरा, आणि मोटार तशीच चालू ठेवून टेप शोधायला गाडीत गेलो.